अजून एक मिळो

खुर्ची मोडली तेव्हा अर्थमंत्री तिच्यावर नव्हते, तिच्यात होते. म्हणजे बसायला गेले ते वरच. पण बूड टेकलं, कडाड असा आवाज झाला, आणि पुढच्याच क्षणी गुडघे कानांशी, हात हवेत आणि उरलेले अर्थमंत्री चौकटीच्या आत अशी अवस्था झाली. उठायला गेले तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेला भाषेचा मास्तर, चारचौघांत मान. आणि मागे लहान मुलाची खुर्ची शेपटासारखी लटकलेली.

चूक सर्वस्वी त्यांची. खुर्ची त्यांची नव्हती, बसायला दिलेली नव्हती, खाली ठेवलेलीसुद्धा नव्हती. चांगली उंच, भिंतीवर, खुंटीला टांगलेली होती. भिंतीवर टांगलेल्या वस्तूवर बसायचं नसतं हे कळायला भाषेचा मास्तर असावं लागत नाही. पण ते वेतवाल्यांचं दुकान पाहिलं असतं तर तुम्हीही थोडी माफी दिली असती. दुकान खुर्च्यांचं आणि बसायला एक खुर्ची नाही. चहूकडे खुर्च्याच खुर्च्या, पण सगळ्या बिनबुडाच्या. वेताच्या बैठका फाटलेल्या, कुरतडलेल्या, कुणाच्या मधोमध थेट फरशी दिसणारी भोकं. नीट झाली की खुर्ची त्याच दिवशी मालकाच्या घरी जायची. वेतवाले स्वतः एका बुटक्या स्टुलावर बसत, आणि अर्थमंत्री रोज संध्याकाळी एका पालथ्या खोक्यावर. त्या दिवशी खोक्यावर ओल्या वेताची वेटोळी पडली होती, वेतवाले मागच्या नळावर गेले होते, आणि मंत्र्यांचे गुडघे बंड करून उठले होते. भिंतीवरची तेवढी एक बुडाची दिसली, ती त्यांनी उतरवून घेतली. एवढंच.

‘अर्थमंत्री’ हे अर्थातच गल्लीनं ठेवलेलं नाव. पैशाशी त्यांचा संबंध पेन्शनपुरता. पण कुणी नाव सांगितलं की त्याचा अर्थ सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरायचा नाही. औषधवाल्याच्या नावाचा अर्थ त्यांनी ‘शत्रूंचा कर्दनकाळ’ असा सांगितला, तेव्हापासून दुकानात झुरळ निघालं की औषधवाला काउंटरवर चढतो आणि बायको खालून म्हणते, “उतरा आता, कर्दनकाळ!” समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींच्या नावाचा अर्थ ‘शांत’ निघाला. त्यावर मावशी इतक्या मोठ्यानं हसल्या की कुणाच्या तरी शर्टाची बाही जळली.

मंत्री वेतवाल्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत. बायको गेलेली, मुलगी लांब. मुलगी फोनवर दोन प्रश्न विचारायची, जेवलात का आणि गोळी घेतलीत का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की संभाषण संपायचं. कधीकधी मंत्री मुद्दाम ‘नाही’ म्हणून बघत, तेवढाच फोन लांबावा म्हणून. खोलीत एक खाट, एक कपाट आणि एक कप. दुसरा कप होता, तो फुटल्यावर नवीन आणायचं कारण पडलं नाही. तेव्हा दिवसभरात माणसांत बसणं म्हणाल तर ते हे, खोक्यावरचं.

आणि आता भोकात.

वेतवाले नळावरून आले, गळ्यात ओला वेत हारासारखा घातलेला, टपटप पाणी गळतंय. त्यांनी बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वेत खाली ठेवला, खुर्चीच्या दांडीवर पाय दिला, मंत्र्यांचे दोन्ही दंड धरले आणि फळीतून खिळा उपटावा तसं त्यांना उपटून काढलं. मग खुर्ची उचलून बाकावर ठेवली आणि भोकाकडे बघत उभे राहिले.

“लागलं का?” शेवटी त्यांनी विचारलं. पण विचारलं खुर्चीकडे बघत.

“छे छे, मला काही नाही. मी भरून देतो. म्हणजे तुम्हीच भरायचं, पण मी...” मंत्री घाबरले की बोलतात. वर्गात साहेब तपासणीला आले की असंच व्हायचं.

इथं वेतवाल्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण ते स्वतः दोनच्या वर बोलणार नाहीत. खुर्च्यांच्या बैठका विणणं हा त्यांचा वडिलोपार्जित, खरं म्हणजे मातोपार्जित धंदा. वडील सुतार, चौकटी करायचे; आई वेत विणायची. आईबापांचं हे एकुलतं एक. लग्न झालं नाही. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे एकदा जमत आलं होतं, पण होणारे सासू-सासरे भेटायला आले तेव्हा घरात त्यांना बसवायला धड खुर्ची निघाली नाही. खरं-खोटं मावशींना ठाऊक. वडील लवकर गेले. आई पुष्कळ जगली. मायलेक समोरासमोर बसून एकाच चौकटीवर विणायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून. आई गेल्यावर ते एकटेच दोन्ही बाजूंनी विणू लागले. चौकटीभोवती फिरून.

बैठक पुरी झाली की ते स्वतः खुर्चीवर एकदा बसून बघत. नीट, पाठ टेकून, हात मांडीवर. ती एक मिनिटाची बैठक सोडली तर हा माणूस खुर्चीत बसलेला कुणी पाहिला नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या खुर्चीवर ते एकदा बसलेले आहेत आणि घरात मात्र एकाच्याही नाही.

तर मंत्र्यांना भरपाई म्हणून काहीतरी द्यायला हवं होतं, आणि द्यायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती.

“अहो वेतवाले, तुमचं खरं नाव काय? मागं विचारलं होतं तर तुम्ही म्हणालात, वेतवाले म्हणा, पुरे.”

वेतवाले भोकाकडेच बघत होते. “योसेफ,” ते म्हणाले. आणि म्हटल्यावर जरासे दचकले, खोलीत दुसरं कुणी बोललं की काय असे. हे नाव मोठ्यानं घेणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची आई.

मंत्र्यांचा चेहरा उजळला. खुर्ची विसरले, गुडघे विसरले. “वा! हिब्रू नाव! आणि किती जुनं! कुणी ठेवलं?”

“आईनं. तिला पवित्र शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या.”

“मग गोष्ट माहीतच असेल तुम्हाला!”

“अंगरखा आणि विहीर. बापानं एकाला रंगीत अंगरखा दिला, म्हणून भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं. एवढीच.”

“ते पुढचं हो. नावाची गोष्ट त्याच्याही आधीची आहे.” मंत्री आता वर्गात उभे होते. “एक माणूस. दोन बायका, सख्ख्या बहिणी. थोरलीचं घर मुलांनी भरलेलं, आणि धाकटीची कूस रिकामी. वर्षानुवर्षं. रडली, बहिणीशी भांडली, नवऱ्याला म्हणाली मला मूल द्या, नाहीतर मी मरते. आणि एवढं सगळं होऊन अखेर झाला मुलगा. आता बाईनं त्याचं नाव काय ठेवावं? योसेफ! म्हणजे ‘देव आणखी देवो’. अजून एक मिळो! अहो, बाळाचं अंग अजून धड पुसलेलं नाही, आणि बाई पुढची मागणी नोंदवून मोकळी!”

ते हसले. बराच वेळ एकटेच हसले. मग थांबले.

“म्हणजे ते नाव त्या पोराचं नव्हतंच,” वेतवाले म्हणाले.

“अं?”

“येणाऱ्याचं होतं.” त्यांनी खुर्चीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. “बाबांनी अशा दोन केल्या होत्या. एक माझी. ती मी बसून बसून मोडली. ही धाकट्याची. आईनं विणून ठेवली. धाकटा काही आला नाही. मग तिनं ही वर टांगली.” त्यांनी रिकाम्या खुंटीकडे बघितलं. “आई दारातून हाक मारायची ना जेवायला. ‘योसेफ’ म्हणून. मला वाटायचं, मलाच बोलावतेय.”

मंत्र्यांनी तोंड उघडलं.

“तुम्हाला वर जायचं असेल,” वेतवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंत्री खाली आले तर खोक्यावर वेत. तिसऱ्या दिवशीही वेत. त्यानंतर वेताच्या वर पाण्याची बादली. “या” म्हणायचे वेतवाले, “बसा” म्हणायचे नाहीत. आणि उभ्या माणसाशी किती वेळ गप्पा मारणार? दाराशी थोडं घुटमळून मंत्री परत जिना चढायचे. वर खोलीत बसलं की जमिनीखालून आवाज यायचा, टक टक टक. चौकटीच्या भोकांत वेत अडकवून ठेवायला वेतवाले बारीक लाकडी खुंट्या ठोकायचे, त्याचा. पूर्वी हा आवाज मंत्र्यांना सोबतीसारखा वाटायचा. आता वाटायचं, आपल्यालाच कुणीतरी बाहेर ठेवून खुंट्या ठोकतंय.

वेळ काढायला ते औषधवाल्याकडे जाऊन बसले, पण तिथं बाकावर बसलं की प्रत्येक गिऱ्हाईक “काय होतंय?” विचारायचं. मावशींकडे गेले तर मावशींनी सरळ विचारलं, “भांडलात का हो दोघं?”

“भांडायला समोरच्यानं बोलावं लागतं.”

“मग काय केलंत?”

मंत्र्यांनी सांगितलं. मावशींनी इस्त्री उभी केली. “तुम्हाला कुणी सांगितला होता हा उपद्व्याप? माझ्या नावाचा अर्थ शांत सांगितलात, मी हसले, सोडून दिलं. प्रत्येकाला नाव सोडून देता येतं असं नाही. त्या माणसाकडे आईनं दिलेलं आणखी होतं काय?”

हे मंत्र्यांना फार लागलं. भोकात पडल्यापेक्षा जास्त. ते वर गेले, कपाटातली जाडजूड पुस्तकं काढली, चष्मा पुसला, आणि गृहपाठ चुकलेल्या पोरासारखे बसले. आणि सापडलं! दुपारी, उन्हात, ते जवळजवळ धावत जिना उतरले.

“वेतवाले! अहो, दुसरा अर्थ आहे! त्याच गोष्टीत आहे. नाव ठेवताना ती आधी म्हणते, देवानं माझी लाज दूर केली. म्हणजे हे पोर झालं आणि माझा डाग गेला. हा अर्थ बघा ना किती छान! हा घ्या.”

वेतवाले एका खुर्चीभोवती फिरत होते. थांबले नाहीत.

“बदलून देताय?”

“म्हणजे, तसं नव्हे...”

“पहिला बसला नाही म्हणून दुसरा. मापाचा.” त्यांनी वेत ओढून घट्ट केला. “असू द्या मंत्री. पहिलाच बरोबर असणार. दुसरा असता तर तुम्हाला तो आधी आठवला असता.”

त्या दिवशी मंत्री घुटमळलेसुद्धा नाहीत. मुलीचा फोन आला, त्यांनी दोन्ही प्रश्नांना खरंखुरं ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवून दिला. दुसरीकडे खोली बघावी असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. या वयात खोली बदलणं म्हणजे नवीन जिना, नवीन नळ आणि नवीन माणसांना पहिल्यापासून आपण कोण ते सांगणं. त्यांना सांगण्यासारखं फारसं उरलेलंही नव्हतं.

आणि एका सकाळी पायाखालून धपधप आवाज आला. टक टक नव्हे. कुणीतरी खालून छताला झाडूचा दांडा मारत होतं. मंत्र्यांना वाटलं, आपला नळ गळतोय. ते चपला उलटसुलट घालून खाली गेले.

वेतवाल्यांनी बाकावर ती लहान खुर्ची ठेवली होती. भोकाभोवतीचा उरलेला वेत अजून चौकटीला होता.

“इकडे या. हे बघा.”

मंत्र्यांनी वाकून बघितलं. त्यांना वेत दिसला.

“काय दिसतंय?”

“वेत.”

वेतवाल्यांनी सुस्कारा सोडला. मग शेजारची, नुकतीच पुरी केलेली एक खुर्ची ओढून जवळ घेतली. “ही बघा. आधी उभे वेत, मग आडवे, मग तिरपे. तिरपा वेत उभ्याआडव्यांच्या मधल्या फटीत सरळ सरकला पाहिजे. सरकतोय? बघा. आता ही.” त्यांनी लहान खुर्चीतल्या तिरप्या वेतावर वेत उचलायच्या आरीचं टोक ठेवलं. “हा उलटा घातलाय. वर जायचा तिथं खाली, खाली जायचा तिथं वर. अडकलाय. असा अडकलेला वेत घासत राहतो, वाळला की तुटतो. मोडलीत तुम्हीच, पण निम्मी चूक विणणाऱ्याची.”

“तुमच्या आईची?”

“आई?” वेतवाल्यांनी अशा नजरेनं बघितलं की मंत्र्यांनी एक पाऊल मागं घेतलं. “आई झोपेतसुद्धा असा वेत घालणार नाही. दुसऱ्यानं घातलेला दिसला तर तिथल्या तिथं उसवायची. बाबांनी एकदा हौसेनं विणलं होतं, ते त्यांच्यासमोर उसवलं. पाहुण्यांच्या घरची खुर्ची वाकडी दिसली तर तिचा हात शिवशिवायचा.” त्यांनी आरी तिरप्या वेतावर परत टेकवली. “ही चूक पोराची आहे. शिकाऊ, डावखुऱ्या पोराची.”

मंत्र्यांचं लक्ष वेतवाल्यांच्या हाताकडे गेलं. आरी डाव्या हातात होती.

“परवा उसवायला घेतली, आणि बोटांना आठवलं,” वेतवाले म्हणाले. “मीच विणली ही. मला वाटत आलं आईनं विणली. मी मागं लागलो होतो, धाकटा पाहिजे म्हणून. रोज. जेवताना, झोपताना. बाबांनी वैतागून चौकट करून दिली, म्हणाले घे, तुझ्या धाकट्याची. मग मी विणली. हात सोलवटून घेतले. आणि आईनं ती बघितली असणार. तिला न दिसणं शक्यच नाही. पण तिनं एक वेत हलवला नाही. तशीच टांगली.”

बाहेर मावशींच्या इस्त्रीची वाफ सुसकारली.

“ती विहिरीची गोष्ट,” वेतवाले पुढं म्हणाले, “ती मी फार रडायला लागलो की सांगायची. भावांनी विहिरीत टाकलं इथपर्यंत आली की थांबायची. म्हणायची, बघ, भाऊ असले की हे असं. तू एकटा आहेस तेच बरं.” आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू येऊन गेलं. “मला समजावत होती हो ती. मी समजत होतो नुसती गोष्ट.”

त्यांनी खोक्यावरची बादली उचलून खाली ठेवली. वेत उचलला.

“बसा. विहिरीनंतर काय झालं?”

मंत्री बसले. गोष्ट त्यांना पाठ होती, पण आज ती जपून सांगावी लागणार होती.

“धाकटा झाला,” ते हळू म्हणाले. “म्हणजे विहिरीच्या आधीच झाला होता. प्रवासात, रस्त्यात. आणि त्याच बाळंतपणात त्यांची आई गेली.”

वेतवाले म्हणाले, “माझी राहिली.”

“हो.”

“आणि थोरला? त्याला भेटला का पुढं धाकटा?”

“पुष्कळ वर्षांनी भेटले. थोरला विहिरीतून निघून परदेशात मोठा माणूस झाला होता. दुष्काळ पडला, भाऊ धान्य मागायला आले, त्यांनी ह्याला ओळखलं नाही. धाकट्याला बघून ह्याला इतकं भरून आलं की आतल्या खोलीत जाऊन रडला. मग तोंड धुऊन बाहेर आला.”

“आणि सांगितलं, मी तुझा भाऊ?”

“नाही. आधी जेवायला वाढलं. सगळ्यांपेक्षा पाचपट धाकट्याला.”

“बरोबर आहे,” वेतवाले म्हणाले. हे जणू त्यांच्याच घरचं काहीतरी होतं. “आधी वाढायचं असतं.” मग डाव्या हाताची बोटं उघडून बघत म्हणाले, “नाव बरोबर आहे मंत्री. अजून एक मलाच पाहिजे होता.”

त्यानंतर मंत्री पुन्हा रोज संध्याकाळी जाऊ लागले. गप्पा पूर्वीसारख्याच, म्हणजे मंत्री बोलायचे आणि वेतवाले विणायचे. दुकानातल्या एकटेपणाला मात्र फारसा धक्का लागला नाही. आई आलेली नव्हती, धाकटाही आलेला नव्हता. एकटेपणा आता दोघांत वाटलेला होता, इतकंच.

मग एके दिवशी मंत्री खाली आले तर खोकं गायब. त्याच्या जागी, बुटक्या स्टुलासमोर, एक खुर्ची. चौकट नवी, मोठ्या माणसाच्या मापाची, पण पाठीच्या दोन दांड्या जुन्या, लहान खुर्चीतून काढून बसवलेल्या. बैठकीला बारीक वेत नव्हता, जाड दोरी होती, बैल बांधावा अशी. भिंतीवरची खुंटी रिकामी होती.

मंत्री आधी दांडीला हात लावून उभे राहिले. मग हळूच टेकले. मग पाठ टेकली. काही मोडलं नाही. आणि मास्तर मंडळींना प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

“वेतवाले,” ते म्हणाले, “म्हणजे शेवटी तुमच्या नावातला तो ‘अजून एक’ मीच म्हणायचा का?”

वेतवाल्यांनी वेत ओढला, खुंटी ठोकली, आणि मान वर न करता म्हणाले,

“धाकटा मागितला होता, एवढा जाड नव्हता मागितला.”